तोतयाचे बंड: चोरलेले नाव आणि राज्याची सुरक्षितता

१/
इ.स. १७७६. रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत असलेला एक मनुष्य बाहेर येतो आणि काही महिन्यांत कोकणातील एकामागून एक किल्ले त्याच्या हाती जातात. त्याच्याजवळ पिढीजात सरदारकी नाही, खजिना नाही, स्वतःची फौज नाही. आहे ते केवळ एक नाव, आणि तेही दुसऱ्याचे: सदाशिवरावभाऊ. पानिपतावर पंधरा वर्षांपूर्वी नाहीसे झालेले भाऊसाहेब.

आजच्या भाषेत याला ओळखचोरी म्हणतात. मराठीत या गुन्ह्याचे नाव ज्या घटनेने घरोघरी पोहोचवले, ती ही घटना. त्या चोरलेल्या ओळखीचा तपास कसा झाला, तो कोठे कमी पडला आणि राज्याच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध कोणता, याचा हा मागोवा.

२/
प्रथम भूगोल. आजच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे घाटवाटांचे तालुके. कसाऱ्याचा थळघाट शहापुरात, नाणेघाट आणि माळशेज मुरबाडात. कल्याणचे बंदर आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या या वाटा सातवाहनांच्या काळापासून राबत्या आहेत. त्यांच्या दक्षिणेला, त्याच सह्याद्रीच्या भिंतीत, बोरघाट. आणि बोरघाटाच्या माथ्यावरून पुणे जवळ.

म्हणून कोकण कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न पेशव्यांच्या दृष्टीने केवळ महसुलाचा नव्हता. घाटांच्या पायथ्याशी उभा असलेला शत्रू राजधानीच्या उंबरठ्यावर उभा असे. त्यातच डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली होती. कल्याण प्रांत आणि कंपनी सरकार यांच्यामध्ये आता फक्त खाडी उरली होती.

३/
आता भाऊसाहेब. चिमाजी अप्पांचे पुत्र, नानासाहेब पेशव्यांचे चुलतबंधू, उदगीरचे विजेते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव पडले, त्यांचे शव ओळखले गेले. भाऊसाहेब मात्र गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. जे परतले त्यांपैकी ‘मी त्यांना मरताना पाहिले’ असे खात्रीने सांगणारा माणूस मिळणे कठीण होते.

नाहीसा होणे आणि मरणे यांत जेवढे अंतर असते, तेवढ्याच जागेत पुढे तोतया उभा राहिला.

४/
वस्तुतः ओळख पटवण्याचा एक प्रयत्न रणभूमीवरच झाला होता. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी आपल्या वृत्तांतात त्याचे वर्णन केले आहे. मस्तक नसलेले एक धड सापडले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर कट्यारीच्या जुन्या जखमेचा व्रण आणि तळपायावरील शुभ रेषा, या खुणांवरून ते भाऊसाहेबांचे ठरवण्यात आले. पाठीवरची जखम मुजफ्फरखान गारद्याने त्यांच्यावर केलेल्या हल्ल्याची होती. पुढे मस्तकही मिळवून अंत्यसंस्कार झाले.

ही पद्धत आजच्या न्यायवैद्यक तपासाच्या जवळची आहे: परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक खुणा, आणि त्या पूर्वीपासून ठाऊक असलेले साक्षीदार. पण हे घडले उत्तर हिंदुस्थानात, विजेत्यांच्या छावणीत. त्या पुराव्याचे वजन पुण्यात आणि कोकणात तितके पोहोचले नाही.

५/
पुण्यात एका व्यक्तीने तो मृत्यू मान्यच केला नाही: भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई. त्या स्वतः पानिपताहून परतल्या होत्या. त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही केवळ खाजगी श्रद्धा राहू शकत नव्हती. पेशव्यांच्या वाड्यात एक सवाष्ण वावरत होती, याचा बाहेर एकच अर्थ घेतला जाणार होता: भाऊसाहेब जिवंत असू शकतात.

यात पार्वतीबाईंचा दोष काढण्याचे कारण नाही. शव न पाहिलेल्या पत्नीने आशा सोडू नये हे स्वाभाविकच. पण एका घराची आशा राज्यभर अफवेच्या रूपाने पसरली, की तिचा उपयोग करणारा कोणीतरी उभा राहतो.

६/
तो उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतच भाऊसाहेब म्हणवणारा एक मनुष्य उत्तरेत प्रकटला. त्याला पकडून आणले, चौकशी झाली आणि तो सुखनिधान नावाचा, बुंदेलखंडाकडील कनोजी ब्राह्मण असल्याचे निष्पन्न झाले. त्याला देहान्त शासन झाले नाही. कैदेत ठेवले आणि अखेर त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली.

‘हा कोण?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. तपास तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होता. तरीही हाच मनुष्य पुढे राज्य हादरवणार होता.

७/
कारण, ‘हा कोण?’ याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो: ‘लोक याच्यावर विश्वास का ठेवतात?’ त्याचे उत्तर शोधले गेले नाही. खरे भाऊसाहेब गेले, हे राज्याने सर्वांना पटेल अशा रीतीने कधी प्रस्थापित केले नव्हते. तोतया खोटा ठरला, पण त्याने व्यापलेली जागा रिकामीच राहिली.

शिवाय तो जिवंत होता, आणि त्याला ठेवलेली जागा होती समुद्रकाठचा एक दूरचा किल्ला. तेथील अधिकाऱ्याची निष्ठा, एवढाच त्याच्या आणि राज्याच्या मधला अडसर होता.

८/
अकरा-बारा वर्षांत राज्याची प्रकृती बदलली. १७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांना दूर सारून नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी कारभार हाती घेतला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पुत्राचा जन्म झाला आणि त्या तान्ह्या बाळाच्या, म्हणजे सवाई माधवरावांच्या नावे राज्य चालू लागले.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, युद्ध झाले, मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. तरी रघुनाथरावांना इंग्रजांचा आसरा होताच.

९/
येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. त्या काळात वादात असलेली ओळख एकच नव्हती. पुरंदरावर जन्मलेले मूल खरोखर नारायणरावांचे आहे काय, अशी कुजबूज रघुनाथरावांच्या पक्षाने पसरवली होती. बारभाईंची सारी सत्ता त्या बाळाच्या ओळखीवर उभी होती.

आणि अशा वेळी भाऊसाहेब जिवंत परतले तर? त्यांचा जन्म १७३० चा; १७७६ मध्ये ते शेहेचाळीस वर्षांचे असते. पेशव्यांच्या घराण्यातील कर्ता पुरुष, पानिपतचा सेनापती. दोन वर्षांच्या बाळाच्या नावाने हुकूम काढणारे कारभारी त्यांच्यापुढे कोण? तोतयाने निवडलेले नाव केवळ थोर नव्हते. त्या क्षणी राज्यातील सर्वांत धोकादायक नाव तेच होते.

१०/
१७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला मुक्त केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा पक्ष घेतला. पाहता पाहता माणसे जमली. कोकणातील किल्ले त्याच्या स्वाधीन होत गेले.

या किल्ल्यांच्या भिंती मजबूत होत्या. पण भिंत शत्रूला अडवते, धन्याला नव्हे. समोर आलेला मनुष्य खरा धनी असेल तर दरवाजा न उघडणे हा अपराध. तो तोतया असेल तर उघडणे हा द्रोह. दोन्ही बाजूंनी जीव पणाला लागलेला, आणि निवाडा करण्यास किल्लेदाराजवळ साधन कोणते?

११/
कागदाची ओळख पटवण्याची व्यवस्था पेशवाईत चांगली होती. शिक्के होते, लेखनाची ठरलेली वळणे होती, पत्र पुरे झाल्याची मोर्तब होती. जाणता कारकून बनावट पत्र हेरू शके. माणसाची ओळख पटवण्यासाठी मात्र त्याला पूर्वी पाहिलेला दुसरा माणूसच लागे.

तशी माणसे पुण्यात होती. नाना फडणीस तरुणपणी भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर गेले होते. तेथून कसेबसे निसटल्याची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. महादजी शिंदे त्याच रणात पायाला जखम होऊन कायमचे लंगडे झाले होते. राज्याच्या शिखरावरील माणसांना सत्य ठाऊक होते. ते सत्य सागरकिनाऱ्यावरील एका किल्लेदारापर्यंत विश्वासार्ह रूपात नेणारी यंत्रणा नव्हती. राज्याची खरी दुर्बळता ही.

१२/
तोतयाचे सैन्य बोरघाटाला भिडले. घाट राखणाऱ्यांनी काही काळ अडवले, पण त्याने तोफा आणून वाट मोकळी केली. आता पुण्याचा रस्ता उघडा होता. अशा वेळी राजमाचीकडून शरणागतीची बोलणी सुरू झाली. ती बोलणी लटकी होती. तोतया त्यांत रमला, तेवढ्या अवधीत पुण्याच्या फौजा आल्या आणि महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी राजमाचीच्या परिसरात त्याच्यावर अकस्मात छापा घातला. सैन्य उधळले, तोतया पुन्हा कोकणात उतरला.

फसवणुकीवर उभे राहिलेले बंड अखेर फसवणुकीनेच मोडले. परंतु ते घाटमाथ्यापर्यंत पोहोचले होते, हे विसरता येत नाही.

१३/
पळताना त्याने समुद्राचा आश्रय घेतला. अखेर कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केले. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, पुन्हा तेच निष्पन्न झाले, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन देण्यात आले.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहावेत. मनुष्य तोच, खोटे तेच, चोरलेले नाव तेच. ब्राह्मणाला सहसा देहदंड देऊ नये हा संकेतही तोच. पहिल्या खेपेस कैद, दुसऱ्या खेपेस मृत्यू. मधल्या काळात खोटे वाढले नव्हते. त्या खोट्याने राज्याचे काय होऊ शकते, याची राज्याला जाणीव झाली होती. पहिला निकाल फसवणुकीचा होता, दुसरा राजद्रोहाचा.

१४/
हा प्रसंग मराठी मनात इतका रुजला की न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. आजही वर्तमानपत्रांत ‘तोतया पोलीस’, ‘तोतया अधिकारी’ असे मथळे येतात आणि कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला तोतयेगिरी म्हणतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ४१६ मध्ये तोतयेगिरीची व्याख्या केली. तिच्या उदाहरणांपैकी एक असे की, मयत व्यक्ती असल्याचे भासवून फसवणूक करणे हीसुद्धा तोतयेगिरी. सुखनिधानाचा गुन्हा जणू एका ओळीत मावला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१९ मध्ये आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी व ६६ डी मध्ये त्याची संगणकयुगातील रूपे आहेत.

१५/
इंग्रजी राज्यालाही हाच प्रश्न छळत राहिला, फक्त उलट्या दिशेने. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. पुढील कित्येक वर्षे ठिकठिकाणी ‘नानासाहेब’ पकडले जात राहिले. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीत असाच एक मनुष्य इंग्रजांच्या स्वाधीन केला. देशभर खळबळ उडाली. तपासाअंती तो नानासाहेब नसल्याचे ठरले.

पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठसे वर्गीकरणाच्या त्या पद्धतीला एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले. तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. शरीरच आता कागद झाले.

१६/
येथवर प्रश्न राज्याच्या बाजूने पाहिला. मुरबाडच्या इतिहासात त्याची दुसरी बाजूही आहे.

१९४२ च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज पुरवणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. सरकारच्या लेखी ही युद्धकाळातील सुरक्षेला धोका देणारी कृती होती आणि त्या माणसांचा माग काढणे हे पोलिसांचे तातडीचे काम. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले.

१७/
राजमाची आणि सिद्धगड एकाच डोंगररांगेतले. दोन्ही प्रसंगांत राज्य एका माणसाच्या ओळखीचा पाठलाग करीत होते. पण तुलना येथेच संपते.

तोतयाला पाहणाऱ्या हजारोंना तो कोण हे ठाऊक नव्हते. नाव ऐकून त्यांनी मान तुकवली. भाई कोतवाल कोण, हे त्या रानातील लोकांना ठाऊक होते. सावकारीने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या, मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. एकाची ओळख उसन्या नावावर उभी होती, दुसऱ्याची कामावर. एकाने राज्याला फसवून लोकांना वापरले. दुसऱ्याला लोकांनी राज्यापासून लपवले.

म्हणूनच ‘ओळख लपवली’ एवढ्यावरून इतिहास निकाल देत नाही. ती कोणाची होती, कोणापासून लपवली आणि कशासाठी, हे विचारावे लागते. सुरक्षिततेच्या नावाखाली चालणाऱ्या प्रत्येक तपासाला हे प्रश्न लागू आहेत.

१८/
आता अलीकडचे उदाहरण. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणाऱ्यांच्या जवळ भारतीय विद्यार्थ्यांची बनावट ओळखपत्रे होती. अजमल कसाबच्या ओळखपत्रावर ‘समीर चौधरी’ असे नाव होते. दहाही हल्लेखोर मारले गेले असते, तर तपासाची पहिली पाने त्या खोट्या नावांनीच भरली असती, आणि एका परकीय कटाचा संशय देशातील निरपराध लोकांवर वळला असता.

तसे झाले नाही, कारण सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलूनही कसाबची बंदूक सोडली नाही. तो जिवंत पकडला गेला. ओळखपत्र खोटे बोलत होते. जिवंत माणसाची चौकशी करता आली, न्यायालयात पुरावे तपासता आले, आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

१९/
१७७६ आणि २००८ यांच्यातील साम्य शस्त्रांत नाही. दोन्ही ठिकाणी खोट्या ओळखीचे लक्ष्य एकच होते: लोकांचा परस्परांवरील आणि राज्यावरील विश्वास. तोतयाला किल्ल्यांचे दरवाजे हवे होते, आणि ते तोफांपेक्षा संशयाने लवकर उघडले. बनावट ओळखपत्रांचा परिणामही तोच झाला असता: आपल्यातलाच कोणीतरी शत्रू आहे, असे लोकांना वाटणे.

म्हणून ओळखचोरीचा तपास हा केवळ फसवल्या गेलेल्या एका माणसाला न्याय देण्याचा विषय राहत नाही. एकाच्या नावावर काढलेले सिमकार्ड किंवा उघडलेले बँक खाते लहान गुन्हा दिसते. त्या नावाच्या आड उद्या कोण उभा राहील, हे मात्र ते नाव चोरले गेले त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. सुखनिधान प्रथम पकडला गेला, तेव्हा तोही एक साधा ठगच वाटला असणार.

२०/
तोतयाच्या बंडातून इतिहासाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी घ्याव्यात.

एक, खोटी ओळख तोतयाच्या कौशल्यापेक्षा खऱ्या ओळखीभोवती उरलेल्या संशयावर अधिक जगते. भाऊसाहेबांच्या मृत्यूचा निर्वाळा वेळीच आणि उघडपणे झाला असता, तर सुखनिधानाचा दावा हास्यास्पद ठरला असता.

दोन, सत्य शिखरावर ठाऊक असून भागत नाही. नाना आणि महादजींना जे ठाऊक होते, ते किल्लेदाराला पडताळून पाहता आले पाहिजे. तपासाचा निष्कर्ष जितका बंदिस्त, तितका तो निरुपयोगी.

तीन, तपास करणारी सत्ता नेहमीच सत्याच्या बाजूला असते असे नाही. सिद्धगडचे रान त्याची साक्ष देते.

२१/
पार्वतीबाई १७८३ मध्ये निवर्तल्या. तोतयाला शिक्षा होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. राज्याने एका खोट्या भाऊसाहेबाचा दोनदा तपास केला, दोनदा त्याला खोटा ठरवले. खऱ्या भाऊसाहेबांचे काय झाले, याचे समाधान मात्र त्यांच्या पत्नीला अखेरपर्यंत कोणी देऊ शकले नाही. ओळखीच्या प्रत्येक तपासात, राज्याच्या सुरक्षिततेच्या मोठ्या हिशेबाखाली, असे एखादे घर असते. त्याच्या प्रश्नाला वेळेवर उत्तर देणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, आणि १७७६ मध्ये कोकणाला त्याची किंमत कळली.

(समाप्त)